अवतरणचिन्हांतलं वाक्य

बोईसरला आलो तेव्हा मला रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली आणि राहायला अर्धी खाट मिळाली. अर्धी म्हणजे लांबी-रुंदीने नव्हे, तासांनी. घरमालकिणीचं माहेर जवळच नवापूरला, बोलायला ती फटकळ. खोली दाखवताना ती म्हणाली, "तुमी दिवसपाळीचे, तो रातपाळीचा. दोघांना एक खाट बास हाय. हितं सगळे असेच ऱ्हातात."

सगळे खरंच तसेच राहत होते. कारखान्यांच्या भोवतीच्या चाळींमधून एक जण उठतो आणि दुसरा येऊन पडतो. चादर आणि उशी आपापली. बादली, गॅस आणि आरसा सामाईक. मी मराठवाड्यातून आलेला, वय अडतीस, लग्न झालेलं नाही, आई-वडील गेलेले, भावाशी बोलणं सणावारापुरतं. मला वाटलं, चला, कोणाशी जुळवून घ्यायची कटकट नाही.

आमच्या पाळ्या आठ ते आठच्या. मी सकाळी सातला कंपनीच्या बसकडे निघायचो, तो साडेआठला खोलीवर यायचा. संध्याकाळी तो सातला निघायचा आणि मी नऊला, खानावळीत जेवून, यायचो. त्याची सुट्टी शनिवारी, माझी रविवारी. शनिवारी सकाळी पाळी सुटली की तो परस्पर एसटी स्टँडवर जाऊन जव्हारची गाडी धरायचा. त्याच्या पुढे डोंगरात त्याचं गाव. रविवारी संध्याकाळी तिकडून येऊन परस्पर कामावर. दीड वर्षात आम्ही दोघं एकाच वेळी त्या खोलीत जागे असे चार वेळा असू, तेही दारात. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, बारीक, हसताना तोंडावर हात धरणारा. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला भाऊ. बाकीचा व्यवहार कॅलेंडरच्या पाठीवर चालायचा. मी लिहायचो, "सिलिंडर संपत आलाय." तो खाली मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहायचा, "आनला."

एकटेपणाबद्दल लोक फार नटवून लिहितात. माझा अनुभव साधा आहे. प्रयोगशाळेत दिवसभर बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, खानावळीत "अजून एक पोळी" म्हणायचं, रिक्षावाल्याला स्टॉपचं नाव सांगायचं, की संपलं दिवसाचं बोलणं. एकदा मला सर्दी झाली आणि घसा बसला होता, हे मला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. तोवर तेवढ्या बोलण्याचंही काम पडलं नव्हतं. त्या दिवशी मी घाबरलो, हे कबूल करतो.

म्हणूनच पालघरला रविवारी चालणाऱ्या बातमी आणि वृत्तलेखनाच्या वर्गाची जाहिरात पाहिली तेव्हा मी नाव घातलं. पत्रकार व्हायचं होतं असं सगळ्यांना सांगितलं, पण ते खरं नव्हतं. पत्रकाराला कोणाशीही जाऊन बोलता येतं, आणि लोक त्याला "तुम्ही कोण?" विचारत नाहीत, असं माझ्या मनात होतं. मला बोलायला निमित्त हवं होतं.

वर्ग एका प्राथमिक शाळेत भरायचा. लहान मुलांच्या बाकांवर आम्ही नऊ-दहा थोराड विद्यार्थी गुडघे पोटाशी घेऊन बसायचो. शिकवायला एक सर होते, आयुष्यभर दैनिकात इतरांच्या बातम्या तपासून निवृत्त झालेले. त्यांना लाल शाईचं पेन आणि विद्यार्थ्याचा अपमान, दोन्ही सारखंच प्रिय. पहिल्या रविवारी त्यांनी आम्हाला खड्ड्यात उतरलेल्या एसटीची बातमी लिहायला सांगितली. कोणाला खरचटलंही नव्हतं. मी सुरुवात केली, "एका हृदयद्रावक घटनेत..." सरांनी कागद नाकापाशी नेला. "कोणाचं हृदय द्रवलं? ड्रायव्हरचं? विचारलंस त्याला?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण मनात म्हटलं, म्हातारा खडूस आहे.

खडूस होतेच ते. पण त्यांनी सांगितलेलं मला आजही पाठ आहे. पहिल्या वाक्यात बातमी सांगा, नाहीतर वाचक चहाला गेला समजा. माणसाचं नाव, वय, गाव दोनदा विचारा, कारण पहिल्यांदा आपण ऐकत नसतो. वृत्तलेखात डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. बातमीत जे शेवटी ढकलतो, ते वृत्तलेखात कधी कधी आधी येतं. आणि "असे समजते" या दोन शब्दांवर त्यांचा दात होता. "असे समजते, असे बोलले जाते, असे कळते," ते फळ्यावर लिहायचे आणि खडूने खाडखाड फुल्या मारायचे. "कोणाला समजतं? कोणी सांगितलं? विचारायचा कंटाळा आला की माणूस असं लिहितो." अवतरणचिन्हांबद्दल तर ते इतके सोवळे होते, की दुसऱ्याच्या तोंडचा एक शब्द बदललेला दिसला तरी कागद परत. मी वहीत सगळं नीट उतरवून घेतलं. माझं अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं होतं.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी आम्हाला सातपाटीला पिटाळलं. बंदरावर जायचं, तीन माणसांशी बोलायचं आणि दहा गोष्टी घेऊन यायच्या. मी एका मासळीवालीपुढे वही उघडून उभा राहिलो आणि म्हणालो, "यंदा मासळीची परिस्थिती कशी आहे?" तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "घ्यायची हाय का नुसती इचारतोस?" झालं. मी घाबरून ओले बोंबील घेतले. ते हातात आल्यावर मात्र ती सुटली. बर्फ, डिझेल, वारा, नवऱ्याची गुडघेदुखी, सून. दहाच्या जागी तीस गोष्टी मिळाल्या. आपण माणसाला काहीतरी दिलं की तो बोलतो, असं मी त्या दिवशी वहीत लिहिलं आणि स्वतःवर खूश झालो.

बोंबील घेऊन खोलीवर आलो आणि लक्षात आलं की आपल्याला ते करता येत नाहीत. आमच्याकडे मासळी म्हणजे नदीतली, तीही पाहुणे आले तर. मी ते घरमालकिणीच्या फ्रिजमध्ये ठेवायला दिले आणि कॅलेंडरवर लिहिलं, "बोंबील आहेत." सोमवारी संध्याकाळी येऊन पाहतो तर पातेल्यात लालभडक कालवण, वर ताट झाकलेलं, बाजूला दोन काळपट नागलीच्या भाकरी. मला राग आला. म्हटलं, मासे माझे, जेवला हा, आणि उरलंसुरलं मला. तरी खाल्लं. चव फार चांगली होती, हेही मी त्याच्या नावावर जमा केलं नाही.

त्यानंतर रोजच काहीतरी उरायला लागलं. कधी भात आणि उडदाची आमटी, कधी भाकरी आणि सुकटीची चटणी. नेहमी झाकलेलं, नेहमी एका माणसाला पुरेल इतकं. मी खानावळीत जेवून आलेला असायचो, आणि बारा तासांपूर्वीचं दुसऱ्याचं उरलेलं खाण्याइतकी माझी वेळ आली नव्हती. मी ते हापशापाशी बसणाऱ्या कुत्र्याला घालायचो आणि भांडं घासून पालथं ठेवायचो. घासलेलं भांडं ठेवायचं, उष्टं ठेवायचं नाही, हे वळण मला आईने लावलेलं. हा माणूस एकटा असून इतकं का शिजवतो, असं मनात यायचं, पण विचारायला कॅलेंडरवर जागा कुठे होती? म्हणजे जागा होती. मी विचारलं नाही.

वर्ष संपत आलं तसं सरांनी शेवटचं काम दिलं. रोजच्या ओळखीतल्या एका माणसावर आठशे शब्दांचा वृत्तलेख. सगळ्यांत चांगला असेल तो एका स्थानिक साप्ताहिकाच्या पुरवणीत छापून आणायचा. बाकीच्यांनी आजोबा घेतले, मैत्रीण घेतली, शेजारची शिक्षिका घेतली. मी यादी करायला बसलो आणि यादीत एकच माणूस निघाला. तोही असा, ज्याला मी दीड वर्षात चार वेळा जागा पाहिला होता.

त्याला गाठून विचारायला हवं होतं. एक शनिवार रजा टाकली असती तरी जमलं असतं. पण मला तेव्हा वाटलं, न भेटता माणूस उभा करायचा, यातच तर लेखकाची कसोटी आहे! शहाणपणाचा मक्ता माझ्याकडेच होता. मी खोलीत बसून त्याच्या वस्तू पाहिल्या. दारामागे टांगलेला सदरा, त्याची चुरगळलेली कॉलर. डाव्या टाचेला झिजलेली चप्पल. भिंतीशी ओळीत लावलेली बिड्यांची थोटकं, कारण खोलीत ओढायची नाही हा मालकिणीचा नियम, म्हणून दाराबाहेर अर्धी ओढून विझवलेली. उशाला घडी घातलेला टॉवेल. आणि अर्थातच रोज उरणारं अन्न. त्यावर मी लिहिलं, की मोठ्या कुटुंबात वाढलेल्या या माणसाचा हात अजून एका माणसापुरतं शिजवायला शिकलेला नाही. तो रोज न येणाऱ्या माणसांसाठी शिजवतो आणि ते शेवटी कुत्र्याच्या तोंडी जातं. हे लिहून झाल्यावर मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या, इतकं मला ते आवडलं.

एकच उणीव होती. सरांचा नियम होता, लेखात त्या माणसाचं निदान एक वाक्य त्याच्याच शब्दांत हवं. मी खिडकीशी उभा राहिलो, बाहेर संध्याकाळच्या पाळीच्या बसेस वळत होत्या, आणि वाक्य आपोआप सुचलं. "रात्रपाळीच्या माणसाला कोणी नसतं. सवय होते." अवतरणचिन्हं घातली. वाक्य त्याला शोभलं.

सरांनी लेख वाचला. पेन हातात होतं, पण ते टेकलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे वाक्य तो कधी बोलला?"

"सकाळी. पाळी बदलताना," मी म्हणालो.

"असंच बोलला?"

"असंच."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "या एका वाक्यावर लेख उभा आहे." एवढं त्यांनी वर्षभरात कोणालाच म्हटलं नव्हतं. परत येताना गाडीत खिडकीशी बसून मी उमरोळी ते बोईसर ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात घोळवलं. खोटं बोलल्याचं मला काही वाटलं नाही. माझ्या मते तो बोलला असता तर असंच बोलला असता.

पुरवणी शनिवारी आली. मी पाच अंक घेतले आणि घेतल्यावर लक्षात आलं की द्यायला माणसं नाहीत. एक सरांना, एक भावाला पोस्टाने. एक मालकिणीने मागून घेतला. एक माझ्यासाठी. पाचवा मी सोमवारी सकाळी निघताना खाटेवर, त्याच्या उशीवर, लेख वर येईल अशी घडी घालून ठेवला आणि कॅलेंडरवर लिहिलं, "दादा, वाचा." दिवसभर प्रयोगशाळेत माझं लक्ष नव्हतं. मला डोळ्यांसमोर दिसत होतं, तो हात धुऊन, ओठ हलवत, एकेक ओळ वाचतोय, तोंडावर हात धरून हसतोय. दीड वर्षात कोणाला काही द्यावं असं मला पहिल्यांदाच वाटलं होतं.

संध्याकाळी आलो. अंक खाटेवर नव्हता. कॅलेंडरवर माझ्या वाक्याखाली काही लिहिलेलं नव्हतं. ओट्यावर मी घासून ठेवलेलं पालथं भांडं तसंच पालथं होतं. मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. मी मनाची समजूत घातली, की बरं नसेल, शिजवायचा कंटाळा आला असेल. गुरुवारी कुत्रं दारापर्यंत आलं आणि माझ्याकडे बघत बसलं. तेव्हा मी मालकिणीकडे गेलो आणि सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "दादा आजारी आहेत का? काही शिजवत नाहीत हल्ली."

ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "शिजवतो की. एकट्यापुरतं."

"पण आधी रोज उरायचं..."

"उरायचं?" आता तिने सूप खाली ठेवलं. "अवो, तो तुमच्यासाठी ठेवायचा. त्या बोंबलापासून चालू केलं त्यानं. मला इचारून गेला, ते भात खातात का भाकरी. मी सांगितलं, मला काय ठाव, घालून बघ. दुसऱ्या दिवशी येऊन सांगतो, भांडं घासून ठेवलंय, आवडलं त्यांना." तिने सूप पुन्हा उचललं. "तुमी कुत्र्याला घातलं ते घातलं. वर पेपरात पन दिलं."

मला तिथे बसावंसं वाटलं, पण बसायला काही नव्हतं. जवळजवळ एक वर्ष कोणीतरी माझ्यासाठी रोज सकाळी, रात्रभर उभं राहून आल्यावर, झोपायच्या आधी शिजवत होतं. आणि मी त्या वर्षभर, मला कोणी नाही म्हणून, रविवारी पालघरला जाऊन माणसांशी कसं बोलावं ते शिकत होतो.

शुक्रवारी मी पालघरला सरांना फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. मला वाटलं, ते ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "साप्ताहिकाला खुलासा छापायला सांगता येईल. पण वाचकांचं काही बिघडलेलं नाही. ज्याचं बिघडलं त्याच्याकडे जा." मग म्हणाले, "मीही विचारून थांबलो. मला तेव्हाच शंका आली होती." त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी मी रजा टाकली आणि सव्वाआठलाच एसटी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. पाळी सुटून तो आला तो नेहमीच्या घाईत, हातात कापडी पिशवी, तिच्यात घरी न्यायचे पाव आणि कांदे. मला पाहून थबकला. दिवसाच्या उजेडात, मोकळ्या जागी, आम्ही एकमेकांना पहिल्यांदाच बघत होतो. तो मला वाटला होता त्यापेक्षा जास्त थकलेला होता. मी म्हणालो, "दादा, चहा घेऊ." तो म्हणाला, "गाडीला येळ हाय अजून," आणि आम्ही टपरीच्या बाकड्यावर बसलो.

"वाचलंत?"

"वाचलं. दोनदा वाचलं. बरं लिवलंय तुमी. चप्पल, सदरा, सगळं बराबर हाय." त्याने पिशवीतून अंक काढला. तो गावी न्यायला बरोबर घेतला होता की टाकून द्यायला, मला कळलं नाही. त्याने पान उलगडून मांडीवर ठेवलं आणि एका ओळीखाली बोट धरलं. "हे मी कवा बोललो, भाऊ? लय आठवलं मी. झोपेत बोललो का?"

तो खरंच विचारत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. भलत्या वेळी तोंडातून काही निघून गेलं असेल आणि आपल्याला कळलंही नसेल, अशी. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"तुम्ही नाही बोललात," मी म्हणालो. "मी लिहिलं ते."

"मंग हे कोनाचं हाय?"

"माझं."

त्याने ते वाक्य पुन्हा वाचलं, ओठ हलवत. "म्हंजी तुमाला कोनी नाय?"

"नाही," मी म्हणालो. हे मी तोपर्यंत कोणालाही सांगितलं नव्हतं.

चहा आला, त्याने दोन घोट घेतले. "मला वाटायचं, आपन दोघं ऱ्हातो," तो म्हणाला. "घरी बी तसंच सांगितलेलं मी. बायको इचारायची, तुमच्यासंगं कोन हाय? मी सांगायचो, हायेत एक, शिकलेले हायेत, पन आपला भात खातात, भांडं सुदिक घासून ठेवतात."

मी म्हणालो, "चुकलो, दादा. विचारायला हवं होतं." आणखीही बरंच बोललो असेन. मालकिणीकडून सगळं कळल्याचं सांगितलं, माफी मागितली, आता सोमवारपासून मी खानावळ बंद करतो असंही म्हणालो. तो ऐकत होता. अंकाची त्याने होती तशीच घडी घातली.

जव्हारची गाडी फलाटाला लागली, माणसं उठायला लागली. तो उभा राहिला, पिशवी खांद्याला अडकवली.

"चुकलं तर चुकलं. त्याचं काय नाय," तो म्हणाला. "पन ते वाक्य वाचल्यापासून मला बी तसंच वाटाया लागलंय. भात लावताना वाटतं. आदी वाटत नव्हतं."

आणि तो जागा मिळते का बघायला गाडीकडे गेला.